एक मिनिट, एक आठवडा

बीबीसीच्या शालेय चित्रवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात पडद्यावर ठिपक्यांची मांडणी यायची. मागे संगीत वाजत राहायचं आणि दर सेकंदाला एक ठिपका नाहीसा व्हायचा. मिनिटभरात पडदा रिकामा, की कार्यक्रम सुरू. १९७७ ते १९८३ या काळात इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत शिकलेल्या कुणालाही या ठिपक्यांबद्दल विचारा, चेहरा बदलतो. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, लँकेशायरमधल्या एका गिरणीगावात वाढला. त्याला कित्येक मालिकांची गोष्ट आता नीट सांगता येत नाही, पण ते मिनिट तो अजून सांगतो. शाळेच्या हॉलमध्ये लाकडी जमिनीवर मांडी घालून तीन वर्ग बसलेले. समोर उंच पायांच्या चाकाच्या गाड्यावर भलामोठा टीव्ही, त्याला कपाटासारखी दारं. बाई दारं उघडायच्या, पडदे ओढायच्या. शेवटचे दहा ठिपके उरले की सगळा हॉल उलटे आकडे म्हणायला लागायचा.

त्या मिनिटाला कारण होतं. तेव्हा बहुतेक शाळांकडे कार्यक्रम टेप करून ठेवायची सोय नव्हती. लंडनहून किंवा मँचेस्टरहून ज्या क्षणी कार्यक्रम निघाला, त्याच क्षणी तो बघायचा. चुकला तर पुन:प्रक्षेपणाची वाट बघायची. म्हणून सत्र सुरू होण्याआधीच शिक्षकांसाठी वेळापत्रक आणि पुस्तिका यायच्या, आणि देशभरातल्या शाळा आपले तास त्यांच्याभोवती बसवायच्या. मुलांना वर्गातून हॉलमध्ये आणून बसवायला, नाकं पुसायला, जुना संच तापून चित्र स्थिर व्हायला थोडा अवधी हवा. तो अवधी म्हणजे हे मिनिट. बीबीसीवर ठिपके, आयटीव्ही या खासगी वाहिनीवर उलटं मोजणारं घड्याळ.

ब्रिटनमध्ये शाळांसाठी रेडिओ १९२४ पासूनच होता. शाळांसाठीची नियमित चित्रवाणी आली १९५७ मध्ये. मे महिन्यात असोसिएटेड-रीडिफ्यूजन या खासगी कंपनीनं सुरुवात केली आणि सप्टेंबरात बीबीसीनं. पैसा मिळवण्यासाठी निघालेल्या कंपनीनं जाहिराती न घेता मुलांसाठी दिवसाचा वेळ काढून ठेवावा, आणि तो वर्षानुवर्षं पाळावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. दादाच्या भागात मँचेस्टरची ग्रनाडा ही वाहिनी दिसायची. तिचा ‘पिक्चर बॉक्स’ हा कार्यक्रम मुलांना निरनिराळ्या देशांतल्या छोट्या फिल्म दाखवायचा. सुरुवातीला एक काचेची पेटी हळूहळू गोल फिरत राहायची आणि काचेच्या दांड्यांतून काढलेलं एक विचित्र संगीत वाजायचं. दादा त्याला घाबरायचा आणि तरी डोळे मिटायचा नाही. त्याच्या वयाची तिथली बरीच माणसं त्या संगीताबद्दल हेच सांगतात.

दादा शाळेत हे बघत असताना घरी काकू तेच बघत होती.

काकू परळची. तिचे वडील तिथल्या एका गिरणीत साच्याच्या, म्हणजे मागाच्या, खात्यात होते. ती मराठी शाळेतून मॅट्रिक झाली, लग्न झालं आणि १९६७ साली काकांच्या मागोमाग विलायतेला गेली. काका डॉक्टर. त्या काळात परदेशी जाणाऱ्याला सोबत परकीय चलन नेता यायचं ते अवघं तीन पौंडांचं. आपल्याकडचे डॉक्टर तिकडे मोठ्या संख्येनं गेले ते असे, आणि त्यांतले पुष्कळ जण लंडनच्या नामांकित रुग्णालयांत न जाता उत्तरेच्या गिरणीगावांत, खाणगावांत, म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डांत कामाला लागले. जिथं स्थानिक डॉक्टर जायला नाखूश, तिथं जागा रिकाम्या. काका अशाच एका गावात रुजू झाले.

काकूला इंग्रजी वाचता येत होतं, पण खाटकाच्या दुकानातली बाई काय बोलते ते एक अक्षर कळत नव्हतं. लँकेशायरची बोली आणि मॅट्रिकचं इंग्रजी यांची कधी भेटच झालेली नव्हती. रविवारी सकाळी बीबीसीवर ‘नई ज़िंदगी नया जीवन’ लागायचा, हिंदी-उर्दूमधला, आपल्या लोकांसाठीचा. तिथं बातम्या कळायच्या, गाणी ऐकायला मिळायची, बरं वाटायचं. पण इंग्रजी तिला शिकवलं शालेय कार्यक्रमांनी. धाकटी झोळीत झोपलेली, बाहेर पाऊस, आणि काकू टीव्हीसमोर वही घेऊन बसलेली. ‘वर्ड्स अँड पिक्चर्स’मध्ये जादूची पेन्सिल अक्षर कसं गिरवायचं ते दाखवायची. ‘लुक अँड रीड’मध्ये वर्डी नावाचं एक धड नसलेलं तरंगतं डोकं शब्दांची फोड करून सांगायचं, गोष्ट रहस्याची, दर आठवड्याला ऐन रंगात तुटणारी. लहान इंग्रज मुलांसाठी रचलेली ही शिकवणी परळच्या एका मुलीनं सोफ्यावर बसून पूर्ण केली. आपण मोठ्या होऊन लहान मुलांचं काही बघतोय असं तिला कधी वाटलं नाही. ती म्हणते, “शाळा होती रे ती. मी शाळेत जात होते.”

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दादाच्या वर्गाला ‘हाऊ वी यूज्ड टू लिव्ह’ दाखवू लागले. यॉर्कशायर टेलिव्हिजनची ही मालिका १९६८ पासून चालू होती, आणि एकंदर तीसेक वर्षं चालली. राजेराण्यांचा इतिहास बाजूला ठेवून सामान्य कुटुंबं कशी राहत होती, काय खात होती, कुठं राबत होती, ते नाट्यरूपात दाखवायचे. एका भागानंतर बाईंनी गृहपाठ दिला: आपल्या आजीआजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी कसं होतं, आणि लिहून आणा. दादाची आजी परळला. फोन लावणं म्हणजे आदल्या दिवशी कॉल बुक करायचा आणि महिन्याचा हिशेब कोलमडायचा. काकूनं त्याचा हात धरला आणि शेजारचं दार वाजवलं.

शेजारच्या आजीबाई निवृत्त विणकर होत्या. त्यांनी त्या दिवशी जे सांगायला सुरुवात केली, ते पुढे त्या असेपर्यंत थांबलं नाही. दादानं शाळेपुरतं लिहिलं. उरलेलं सगळं काकूच्या लक्षात राहिलं, आणि मी आज लिहितोय ते तिच्याकडून ऐकलेलं.

आजीबाई गिरणीत लागल्या तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि त्या बारा वर्षांच्या होत्या. अर्धवेळ कामगार. एका आठवड्यात सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. पहाटे साडेपाचला उठून साच्यावर गेलेलं पोर दुपारी वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायचं, आणि काही शिक्षक त्याला झोपू द्यायचे. ही पद्धत मोडायचा कायदा १९१८ मध्ये झाला; आजीबाईंना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. गिरणीत शेकडो साचे एकदम चालायचे तेव्हा माणसाचा आवाज कानापर्यंत पोचणं अशक्य. मग विणकर बाया ओठ मोठे मोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या आणि समोरची ओठ वाचायची. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी दोन साच्यांच्या रांगांवरून घरचं भांडण सांगू शकायची. आजीबाई रस्त्यावरही तशाच बोलायच्या. काकूला त्यांचं बोलणं कळलं ते यामुळे. कान साथ देत नव्हता तिथं ओठ दिसत होते. शिवाय तिचे स्वतःचे वडील गिरणीच्या आवाजानं कानानं अधू झालेले; त्यांच्याशी ती लहानपणापासून असंच तोंड समोर करून, सावकाश बोलत आली होती.

काकूनं वडिलांच्या कामाबद्दल सांगितलं तेव्हा आजीबाईंनी पहिला प्रश्न विचारला, यंत्रं कुणाची? मुंबईच्या गिरण्यांत लँकेशायरची यंत्रं होती. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची तर जगभर. एका गावात ओतलेलं लोखंड दोन गावांच्या माणसांचे कान बधिर करत होतं. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेला गेले असताना मुद्दाम लँकेशायरला आले होते, आपल्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं त्या कामगारांना भेटायला. डार्वेनच्या गिरणीतल्या बायांच्या घोळक्यातला त्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आजीबाई त्या घोळक्यात नव्हत्या, पण त्यांची पिढी तीच. त्या माणसाबद्दल त्यांच्या गावात कुणी वावगं बोललेलं त्यांना आठवत नव्हतं.

आणि मग वेक्स. लँकेशायरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि हा विषय काढा, दुपार गेलीच म्हणून समजा.

वेक्स म्हणजे मुळात गावच्या चर्चची जत्रा. गिरण्या आल्या तरी लोकांनी जत्रा सोडली नाही; त्या दिवसांत कामावर यायचेच नाहीत. शेवटी मालकांनी हात टेकले आणि जत्रेच्या आठवड्यात अख्खी गिरणीच बंद ठेवायला सुरुवात केली. बॉयलर साफ करायलाही तेवढीच सवड. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत विखुरलेला. ज्या गावाची पाळी असेल त्या गावात गिरण्या बंद, दुकानं बंद, शाळाही बंद. धुरांड्यांतून धूर नाही म्हणून एरवी न दिसणाऱ्या टेकड्या दिसायला लागायच्या. आजीबाई म्हणायच्या की ते बघायला मात्र गावात कुणी उरलेलं नसायचं, कारण सगळं गाव ब्लॅकपूलला.

हे फुकट होत नव्हतं. पगारी रजेचा कायदा इंग्लंडात आला १९३८ साली. त्याआधी वेक्सचा आठवडा बिनपगारी. म्हणून गिरणीत, चर्चमध्ये, गुत्त्यावर बचतमंडळं असायची. दर आठवड्याला काही पेनी टाकायच्या आणि वर्षाअखेर ते सगळे पैसे उचलून सात दिवसांत उडवून यायचं. वर्षभर काटकसर करणाऱ्या माणसानं एक आठवडा हात सैल सोडणं यात उधळेपणा कुणाला दिसत असेल तर दिसो. मला त्यात स्वाभिमान दिसतो. काकूला गणपती आठवले. तिच्या चाळीतले कोकणातले गिरणीकामगार वर्षभर खानावळीत जेवून, खोलीत पाळीपाळीनं झोपून पैसे साठवायचे आणि गणपतीला, शिमग्याला गावी निघायचे तेव्हा भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसायची. खाती रिकामी पडायची. जॉबर, म्हणजे मुकादम, कितीही ओरडला तरी थांबतो कोण?

ब्लॅकपूलला रेल्वे पोचली १८४६ मध्ये, आणि त्या एका गोष्टीनं समुद्र श्रीमंतांच्या हातून सुटला. तोवर समुद्रस्नान हे औषध होतं. अठराव्या शतकात ब्रायटनकडच्या डॉक्टर रिचर्ड रसेलनं समुद्राचं पाणी अंगाला लावायलाच नव्हे तर प्यायलाही सांगितलं होतं. काकांना हा सहव्यवसायी फार आवडायचा. त्याच ब्रायटनला पुढे पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी वाफेच्या स्नानाचं आणि चंपी-मालिशचं स्नानगृह काढलं, आणि ते दोन राजांचे मालिशवैद्य झाले. तेव्हा विलायती समुद्रकिनाऱ्यावर आपली माणसं काल-परवा आलेली नाहीत.

ब्लॅकपूल मात्र कामगारांचं. १८८५ पासून विजेची ट्राम. तीन पिअर, म्हणजे समुद्रात लांबवर नेलेले लाकडी-लोखंडी धक्के, पण जहाजांपेक्षा माणसांच्या फिरण्यासाठी. १८९४ मध्ये आयफेल टॉवर बघून बांधलेला ५१८ फुटांचा मनोरा. गाडीतून ज्या पोराला तो आधी दिसेल त्याला बक्षीस. मनोऱ्याच्या पोटात नाचघर, त्यात चाळीस वर्षं ऑर्गन वाजवणारे रेजिनाल्ड डिक्सन. १९३० च्या दशकात या एका गावात वर्षाला सुमारे ७० लाख माणसं येत होती. राहायचं ते खानावळवजा घरांत, म्हणजे बोर्डिंग हाऊसमध्ये. आजीबाईंच्या लहानपणी रीत अशी की सामान आपण आणायचं, शिजवून मालकीणबाई द्यायची. कपाटात प्रत्येक कुटुंबाचा खण वेगळा, बटाट्यांवरसुद्धा खूण. मीठ-मिरीच्या डब्यांचे वेगळे पैसे. न्याहारी झाली की घराबाहेर, पाऊस असो वा नसो, संध्याकाळच्या जेवणापर्यंत आत पाऊल नाही. हे सांगताना आजीबाईंना राग यायचा नाही. वर्षानुवर्षं तेच घर, तीच मालकीण, आणि जिन्यात भेटणारी माणसं आपल्याच गल्लीतली. मला हे ऐकताना वाटतं, त्यांनी समुद्रावर एकांत शोधलाच नव्हता. वर्षभर साच्यांच्या आवाजात ज्यांच्याशी फक्त ओठांनी बोलता आलं, त्या माणसांशी आठवडाभर बसून तोंडभर बोलायला त्या जात होत्या.

दादाच्या गृहपाठानंतरच्या उन्हाळ्यात आजीबाईंनी काकूला सांगितलं, या खेपेला तुम्ही माझ्याबरोबर चला. तोवर वेक्सच्या आठवड्यात काका नेहमी ड्यूटीवर; इतरांना जाऊ द्यायला कुणीतरी राहायला हवं, आणि ते कुणीतरी ठरलेलं असायचं. त्या वर्षी त्यांनी रजा मागून घेतली. काकूनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी बांधली.

इथं एक गोष्ट काकू कधी गाळत नाही. आजीबाईंच्या नेहमीच्या घरात या चौघांना जागा नव्हती, म्हणून शेजारच्या घरी विचारलं. खिडकीत जागा रिकामी असल्याची पाटी होती. काकांचा चेहरा बघून दार उघडणारी बाई म्हणाली, आत्ताच भरलं. वंशावरून घर किंवा सेवा नाकारणं १९६८ च्या कायद्यानं बंद केलं होतं. पाटी तरी तशीच खिडकीत. पुढच्याही दारात तेच. मग आजीबाई परत गेल्या, आपल्या मालकीणबाईंशी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण त्यांनी स्वतःची खोली या कुटुंबाला दिली आणि स्वतः आठवडाभर मालकीणबाईंच्या खोलीत झोपल्या. जुन्या दिवसांच्या गोडव्यात ती दोन बंद दारंही मोजायला हवीत, असं काकूचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं. त्या दारांशिवाय आजीबाईंनी काय केलं ते कळणारच नाही.

पुढचे दिवस तिनं इतक्या वेळा सांगितलेत की मला ते पाठ आहेत. साडीवर कोट, पायांत मोजे, ते काढून घोट्याएवढ्या पाण्यात. पाणी इतकं गार की हाडं दुखली. ओहोटीला समुद्र जो मागे जातो तो चौपाटीसारखा येईल-येईल म्हणून वाट बघावी तर तासन्‌तास परततच नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून रोवलेले कापडी आडोसे, भाड्याच्या डेकचेअर, रुमालाच्या चार टोकांना गाठी मारून टोपी केलेले म्हातारे. आतपर्यंत गावाचं नाव लिहिलेल्या गुलाबी साखरेच्या कांड्या. धाकटीनं चोखून चोखून शेवटपर्यंत नाव टिकतं का ते पाहिलं. नाव लिहिलेल्या मोहरक्यांची गाढवं, ज्यांना नियमानं शुक्रवारची सुट्टी. त्या सुट्टीचं काकूला फार कौतुक वाटलं. संध्याकाळी वाळूत बसून आजीबाईंच्या गिरणीतल्या मैत्रिणींनी पुऱ्या खाल्ल्या आणि चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं, तरी डबा संपवला. दादाची एकच तक्रार: त्या आठवड्यातला शाळेचा कार्यक्रम चुकला, आणि पुन:प्रक्षेपणही त्याच आठवड्यात होतं. देशभराची शाळा एका वेळापत्रकावर चालायची, आणि त्याचं गाव स्वतःच्या जत्रेवर.

हे दोन्ही जवळपास एकाच सुमाराला सुटत गेलं. शाळांत व्हिडिओ रेकॉर्डर आले. १९८३ मध्ये बीबीसीनं शालेय कार्यक्रम दुसऱ्या वाहिनीवर नेले, १९८७ मध्ये आयटीव्हीचे कार्यक्रम चॅनल फोरवर गेले. पुढे तर ते रात्री लावायचे आणि शाळांनी टेप करून हवे तेव्हा दाखवायचे. कुणाची वाटच बघायची नसल्यावर त्या मिनिटाचं काम उरलं नाही. तिकडे गिरण्या साठच्या दशकापासून एकामागून एक बंद पडत होत्या. लँकेशायरचं गाव बाहेरून कापड आणू लागलं होतं. स्वस्त विमानानं स्पेनला जाता येत होतं, तिथं ऊन खात्रीचं. रेल्वे-कपातीच्या बीचिंग अहवालानंतर समुद्राकडच्या कित्येक रेल्वे फाट्यांना कुलूप लागलं. शाळांच्या सुट्ट्या सगळीकडे सारख्या झाल्या आणि गावाचा स्वतःचा आठवडा कॅलेंडरातून गेला. प्रत्येकाला आपल्या सोयीनं शिकता येऊ लागलं, आपल्या सोयीनं सुट्टी घेता येऊ लागली. सोय वाईट असं मी म्हणणार नाही. आजीबाईंच्या आयुष्यात ती थोडी लवकर आली असती तर बरं झालं असतं. पण सगळ्या गावानं एकदम कुलूप लावून निघणं, सगळ्या हॉलनं एका सुरात दहापासून खाली मोजणं, यात परक्या घरातल्या पोरालाही आपोआप जागा होती. दादाला त्या देशात आपलं वाटायला लागलं ते त्या मोजण्यात, आणि काकूला त्या वाळूत. सोयीसोबत हे कुठून आणणार?

गेल्या खेपेला मी तिकडे गेलो तेव्हा काकूला घेऊन बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये गेलो. ही वाफेवर चालणारी विणकामाची गिरणी आता संग्रहालय म्हणून जपली आहे. साच्यांच्या रांगा तशाच उभ्या. दाखवण्यापुरते थोडेच चालवतात, तरी छातीत धडधड बसते. एक शाळेची सहल आली होती. साडीतल्या म्हातारीला साच्याजवळ उभं राहून ओठ हलवताना बघून मुलं तिच्याभोवती जमली. तुम्ही इथं काम करत होता का, असं एका मुलीनं विचारलं. काकूनं ओठ मोठे करून, एक आवाज न काढता उत्तर दिलं, आणि पोरांना ते वाचता आलं: मी नाही, माझे वडील, असल्याच साच्यावर, पण मुंबईत. साचा थांबला. त्यांच्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि पोरांना खाली बसायला सांगितलं. एका मुलानं विचारलं, तुमच्या वडिलांच्या गिरणीला सुट्टी कधी असायची? काकू बाकावर टेकली आणि तिनं गणपतीपासून सुरुवात केली.